‘घरीच तर आहात!’

सकाळचे साडेनऊ वाजले आहेत. न्याहारीच्या बशा उचलून झाल्या आहेत आणि जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून घरच्या सूनबाईने तेथे आपला लॅपटॉप मांडला आहे. मुलगा आतल्या खोलीत दार लोटून कामाला बसला आहे; त्याचीही कचेरी आज घरातच आहे. दहा मिनिटे होतात न होतात तोच दाराची घंटा वाजते. भाजीवाला आला आहे. सूनबाई उठते, भाजी घेते, पुन्हा येऊन बसते. पलीकडून कचेरीतील साहेब काही विचारीत आहेत, त्यांना द्यावयाचे उत्तर अर्धे होते, तो आजोबांची हाक येते, “अगं, जरा चहा टाकतेस का? तू काय, घरीच तर आहेस!”

आजोबांच्या मनात वाईट काही नाही. त्यांच्या सबंध आयुष्यात घरी असणे म्हणजे मोकळे असणे आणि कामावर असणे म्हणजे घराबाहेर असणे, असाच अर्थ होता. परंतु त्याच रात्री दहा वाजता, जेवणे आटोपून अंथरुणे घातली जात असताना, मोबाईल वाजतो. साहेब म्हणतात, “एवढे कागद आजच पाहून ठेवा. घरीच तर आहात!”

वाचकहो, आपण नागपुरास असा की इंदुरास, बेळगावास असा की हैदराबादेस, हे चित्र आपल्या परिचयाचे असेल. एकाच दिवसात, एकाच व्यक्तीला, दोन्ही बाजूंनी तेच तीन शब्द ऐकावे लागतात. ती घरी आहे म्हणून घराला ती मोकळी वाटते. ती घरी आहे म्हणून कचेरीला ती सदैव कामावर वाटते. घरून काम करणाऱ्या माणसाची प्रकृती, झोप आणि मनःस्वास्थ्य यांचा प्रश्न बव्हंशी या तीन शब्दांत साठवलेला आहे. म्हणून आज त्यांचाच थोडा विचार करू.

जुनीच गोष्ट, नवे रूप

घरी बसून अर्थार्जन करणे ही काही या शतकाची उपज नव्हे. कोष्ट्याचा माग घरातच असे, कुंभाराचे चाक अंगणात फिरे आणि शिंप्याच्या ओसरीवर गिऱ्हाइकांची बैठक जमे. आजही ती परंपरा संपलेली नाही. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत आपल्या देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगारांची नोंद झाली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सोलापूर, निजामाबाद, सागर, मुर्शिदाबाद अशा ठिकाणी हजारो घरांतून स्त्रिया विड्या वळीत आल्या आहेत. घर हेच कामाचे ठिकाण असले की काय होते, हे आपण जाणून घेऊ इच्छित असू, तर या भगिनींना प्रथम विचारावयास हवे. तंबाखूची धूळ चुलीपर्यंत पोचते. पाठ व बोटे दुखू लागतात. हजारी दराने मजुरी मिळते म्हणून हात थांबवणे परवडत नाही. आणि एवढे करूनही ‘ती काय, घरीच असते’ असेच शेजारीपाजारी म्हणतात. १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी जो कायदा झाला, त्याने कारखान्यातील कामगारांबरोबर घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले, ही म्हणूनच मोठी गोष्ट होती. घरातील काम हेही कामच होय, हे त्या कायद्याने कागदावर तरी मान्य केले.

कचेरीचे काम घरी नेण्याची कल्पना मात्र अलीकडची आहे. १९७३ च्या सुमारास जॅक नाइल्स या अमेरिकन अभ्यासकाने असा विचार मांडला की, माणसांना रोज कामाकडे नेण्याऐवजी दूरसंचाराच्या तारांवरून कामच माणसांकडे न्यावे. रस्त्यांवरील गर्दी आणि इंधनाचा अपव्यय यांवर तो उपाय होता. पुढे चार-साडेचार दशके ही सवलत थोड्या लोकांपुरतीच राहिली. मग करोनाची साथ आली. २५ मार्च २०२० पासून सारा देश टाळेबंदीत गेला आणि ज्यांचे काम संगणकावर होण्यासारखे होते, त्यांची कचेरी एका रात्रीत घरात येऊन बसली. साथ ओसरली, टाळेबंदी उठली. परंतु कचेरी घरातून पूर्णपणे परत गेली नाही. कोणाकडे ती आठवड्याचे दोन दिवस येते, कोणाकडे कायमची मुक्कामाला राहिली आहे.

सुखाचा भाग

घरून काम करण्यात सुख नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. मुंबईच्या लोकल गाडीत दाराशी लोंबकळत ज्याने वर्षानुवर्षे प्रवास केला, त्याला वाचलेल्या दोन-तीन तासांचे मोल सांगावे लागत नाही. दुपारचे जेवण ताजे मिळते. आजारी आईला वेळेवर औषध देता येते. ज्यांना चालण्याफिरण्याची अडचण आहे, अशा कित्येकांना नोकरीचे दार यामुळेच किलकिले झाले. बाळंतपणानंतर काम सोडावे लागू नये म्हणून २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कामाचे स्वरूप तसे असल्यास रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची तरतूदही तीत घातली गेली.

पश्चिम बंगालमध्ये अलीकडे झालेल्या एका अभ्यासात, कचेरीत येऊन करावयाचे काम आणि घरी बसून करावयाचे काम अशा दोन तऱ्हेच्या संधी स्त्रियांपुढे ठेवण्यात आल्या होत्या. घरून करता येणारे काम स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण कचेरीतील कामाच्या तिपटीहून अधिक भरले. इतकेच नव्हे, तर घरून कामाची सवय झाल्यावर पुढे त्यांतील काहीजणी बाहेरचे काम पत्करण्यासही अधिक तयार झाल्या. उंबरठ्याच्या आत मिळालेले काम हे असे कधी कधी उंबरठा ओलांडण्याची पहिली पायरी ठरते.

प्रयोग काय सांगतात?

घरी काम अधिक होते की कमी, याचा वाद घालण्याऐवजी काही अभ्यासकांनी सरळ प्रयोगच करून पाहिले. प्रवासाची व निवासाची व्यवस्था करणाऱ्या एका मोठ्या चिनी कंपनीच्या शांघाय येथील दूरध्वनी-केंद्रात २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने असा प्रयोग चालला. घरून काम करण्यास स्वखुशीने तयार असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातून चार दिवस घरून काम करावे व ज्यांची विषम, त्यांनी नेहमीप्रमाणे कचेरीत यावे, असे ठरले. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. आजारपणाच्या सुट्या व मधल्या विश्रांती कमी झाल्या, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

येथवर सारे गोड आहे. परंतु प्रयोग संपल्यावर या मंडळींना पुन्हा निवड करण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपला विचार बदलला! घरी बसलेल्यांपैकी अनेकजण कचेरीत परतू इच्छीत होते. कारण काय? एकटेपणा. शिवाय तितकेच चांगले काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी होती. जो डोळ्यांसमोर नसतो, तो बढतीच्या यादीतही मागे पडतो.

आपल्या चेन्नईत संगणकावर माहिती भरण्याचे काम करणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल तर उलटाच लागला. तेथे घरून काम करणाऱ्यांचे काम कचेरीतील लोकांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरले. त्यातील दोन-तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला आणि उरलेला पुढे वाढत गेला, कारण कचेरीत बसणारे अधिक लवकर शिकत गेले. नवशिक्या माणसाला शेजारच्या खुर्चीवरील अनुभवी सहकारी किती शिकवून जातो, हे आपण सर्व जाणतो. ती खुर्ची घरी नसते.

मग मधला मार्ग कोणता? त्याच चिनी कंपनीने २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. या वेळी आठवड्यातून दोनच दिवस घरून काम व बाकीचे दिवस कचेरी, अशी वाटणी होती. कामात किंवा बढतीत काही उणे पडले नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले. विशेषतः स्त्रिया आणि लांबून येणारे यांना ही व्यवस्था मानवली. एवढ्यावरून सर्वांसाठी एकच नियम काढणे योग्य होणार नाही. तथापि एक गोष्ट स्पष्ट दिसते. घर की कचेरी, हा मुख्य प्रश्नच नव्हे. कामाला आदि-अंत आहे की नाही आणि माणसाला माणसांची संगत उरते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

न मिटणारी कचेरी

कारखान्याला भोंगा असतो. शाळेला घंटा असते. कचेरीत दिवे मालवणारा शिपाई असतो. घरातील कचेरीला यांपैकी काहीच नाही. ‘एवढे संपवून उठतो’ असे म्हणता म्हणता रात्र होते. पूर्वी घरी परतण्याचा प्रवास कंटाळवाणा असे खरा, परंतु त्या तासाभरात कामाचा ताप ओसरून माणूस घरच्यांसाठी तयार होई. आता लॅपटॉप मिटला की समोरच मुलगा गृहपाठाची वही घेऊन उभा असतो आणि वडिलांच्या मनात अजून साहेबांचे शब्द घुमत असतात. मुलावर उगाच खेकसले जाते. मग दोघांनाही वाईट वाटते.

जादा कामाचा परिणाम केवळ मनावरच होतो, असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दीर्घ वेळ काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात पक्षाघात व हृदयविकार यांनी सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. हे आकडे केवळ घरून काम करणाऱ्यांचे नव्हेत. परंतु ज्याच्या कामाचे तास मोजले जात नाहीत, त्याला पंचावन्नाची हद्द ओलांडल्याचे कळणार तरी कसे? याच दोन संस्थांनी २०२२ साली घरून कामाविषयी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध केल्या. नीट आखणी न केल्यास एकटेपणा, खिन्नता, पाठ-मानेची दुखणी, डोळ्यांवरील ताण आणि बैठेपणामुळे वाढणारे वजन यांचा धोका संभवतो, असे त्यांत बजावले आहे.

आणि स्त्रीचे काय? केंद्र शासनाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत असे दिसून आले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. घरकामात हात घालणारे पुरुष मात्र ८८ मिनिटे. म्हणजे तिचे सुमारे पावणेपाच तास आणि त्याचा दीड तास. या पावणेपाच तासांवर कचेरीचे आठ-नऊ तास चढवा, आणि मग दिवसाचे चोवीस तास तिला कसे पुरतात, याचा हिशेब आपणच करून पाहा. वर सांगितलेल्या घरात मुलाला दार लावून बसण्याची खोली मिळाली आणि सूनबाईला टेबलाचा कोपरा. भाजीवाल्याची घंटा दोघांनाही ऐकू आली होती. उठली मात्र एकच. यात कोणी कोणाचा छळ केला नाही. परंतु अशाच न ठरवता ठरलेल्या गोष्टींतून माणूस थकत जातो.

पापडांच्या घरचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रिया ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास बसल्या. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली आणि देशाच्या अनेक राज्यांत पसरली. तिची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. भगिनी सकाळी शाखेत येतात, आदल्या दिवशी लाटलेले पापड वजन करून देतात, मळलेले पीठ घेतात आणि घरी जाऊन आपल्या सोयीने पापड लाटतात. घरात लाटण्या-वाळवण्यास स्वच्छ जागा हवी, हाही तेथील दंडक.

आता या पद्धतीत काय काय आहे ते पाहा. काम मोजलेले आहे. जेवढे पीठ नेले तेवढेच लाटावयाचे, रात्री अकराला कोणी आणखी पीठ आणून टाकीत नाही. दर दिवशी उंबरठा ओलांडणे आहे. दहाजणींची भेट आहे, सुखदुःखाचे चार शब्द आहेत. आणि संस्थेत प्रत्येकीची भागीदारी आहे, म्हणून ती नजरेआड झाली तरी हिशेबाबाहेर जात नाही. हाती लाटणे असो वा लॅपटॉप, घरून काम करणाऱ्यास हव्या असतात त्या याच गोष्टी: मोजलेले काम, ठरलेली जागा, माणसांची भेट आणि कामाचा मान.

आपण काय करू शकतो?

यातील पुष्कळसे घरच्यांच्या हाती आहे, आणि त्यास खर्चही फारसा नाही. घरात स्वतंत्र खोली असणे सर्वांना शक्य नाही. परंतु एक ठराविक कोपरा, पाठ टेकेल अशी खुर्ची आणि डोळ्यांच्या पातळीवर येणारा पडदा एवढे जमवता येते. लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तके ठेवली तरी मानेचे दुखणे हलके होते. दर वीस मिनिटांनी क्षणभर खिडकीबाहेर दूरवर पाहावे आणि तासाभराने उठून चार पावले चालावे. सकाळी कामाला बसण्यापूर्वी अंघोळ करून बाहेरचे कपडे घालावेत व सायंकाळी काम संपताच घराबाहेर एक फेरी मारून यावी. कचेरीतून घरी येण्याचा तो तुटलेला प्रवास असा परत मिळतो. काम झाल्यावर लॅपटॉप कपाटात जावा. तो टेबलावर उघडा असेल तर कचेरी उघडीच असते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, रविवारी सर्वांनी एकत्र बसून आठवड्याच्या वेळा ठरवाव्यात. कोणाच्या महत्त्वाच्या बैठका केव्हा, दाराची घंटा कोणी पाहावयाची, दुपारचा कुकर कोणी लावावयाचा, दार असलेली खोली कोणत्या दिवशी कोणास मिळावयाची, हे बोलून ठरले की रुसवेफुगवे टळतात. घरातील वडीलधाऱ्यांना तर विश्वासात घेतलेच पाहिजे. त्यांना कळले की मनापासून साथ देतात. कळत नाही तोवरच ‘घरीच तर आहेस’ असे म्हणतात.

मालकवर्गाचीही जबाबदारी कमी नाही. कामाचे मोजमाप काय झाले यावरून व्हावे, रात्री किती वाजता उत्तर आले यावरून नव्हे. नवीन आलेल्यांना काही काळ अनुभवी माणसांजवळ बसू द्यावे. घरी बसणाऱ्याचे नाव बढतीच्या वेळी आठवणीने विचारात घ्यावे. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून ५० व अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करणे कायद्याने आवश्यक केले. आपल्या लोकसभेतही २०१८ साली अशा हक्काचे एक खासगी विधेयक मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही. परंतु सुज्ञ मालकाला आपल्या माणसांस रात्रीची झोप देण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि एक विनंती. घरातील कोणी पूर्वीसारखे बोलेनासे झाले, झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, पडद्यासमोर बसून नुसतेच पाहात राहिले, तर त्यास आळस म्हणू नका. शेजारच्या खोलीत बसलेले माणूसही एकटे असू शकते. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका. गरज वाटल्यास १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेली-मानस’ सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या या सेवेत मनःस्वास्थ्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो आणि आपल्या भाषेत बोलता येते.

प्रारंभीच्या त्या घरात आपण पुन्हा एकदा डोकावू या. असे समजा की, रविवारची ती बैठक झाली आहे. आता भाजीवाल्याची घंटा वाजली की आजोबाच पिशवी घेऊन दाराशी जातात. भाव करण्यात त्यांचा हातखंडा आहेच. खोली सोमवारी मुलाची, मंगळवारी सूनबाईची. सायंकाळी साडेसहाला आजोबा भिंतीवरील घड्याळाकडे पाहतात आणि म्हणतात, “मिटव गं आता ते. उद्याचे उद्या. चहा मी टाकलाय.”

वाचकहो, आपल्या घरी ही बैठक येत्या रविवारी घेता येईल का?